ऑनलाइन विक्रीची उलटी पट्टी

(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



उलटी पट्टी म्हणजे काय, हे इथे बसलेल्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. कोथिंबीर, टोमॅटो मुंबईला पाठवायचा. गाडीभाडे, हमाली, तोलाई, अडत वजा होऊन चिठ्ठी यायची आणि तिच्या तळाला लिहिलेले असायचे की शेतकऱ्याकडूनच इतके इतके येणे. माल गेला तो गेला, वर पदरचे पैसे भरा.

आज आम्ही जी पट्टी वाचून दाखवणार आहोत ती कुणा आडत्याने काढलेली नाही. ती आम्ही आमच्या हाताने, मोठ्या उत्साहाने काढली. गेल्या काही बैठकांत एकच मागणी पुन्हा पुन्हा येते आहे. आपला माल आपणच मोबाइलवरून विकायचा, मधला माणूस काढून टाकायचा. माण-खटावची मंडळी हेच म्हणतात, जत-आटपाडीची हेच म्हणतात. बचत गटाच्या बायका कर्जाचे अर्ज भरून बसल्या आहेत. त्यांच्या सह्या व्हायच्या आधी आमची वही त्यांच्यासमोर उघडली पाहिजे, म्हणून उभे राहिलो आहोत.

कल्पना चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. नवीही नाही. १० नोव्हेंबर १९९१ ला शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. पिकवलेल्या मालावर माजघरात थोडे काम करा, मग बाजारात न्या, असे त्यात होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो. पुढे कृषी पदवी घेताना पीठ, रवा, पोहे यांची मूल्यवृद्धी परीक्षेपुरती पाठ केली. घाटाखालच्या शहरातल्या माणसाच्या दारापर्यंत ते पीठ न्यायला काय पडते, हा प्रश्न मात्र परीक्षेत कधी आला नाही.

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. जिकडेतिकडे ज्वारी-बाजरीचे कौतुक चालले होते. जत तालुक्याच्या पूर्वेकडची अकरा घरे आमच्याबरोबर बसली आणि ठरले की दसऱ्याला ज्वारीचे पीठ बाजारात आणायचे. दुकान मोबाइलवर. किलोची पिशवी, किंमत १२० रुपये, घरपोच मोफत. बचत गटाचे दीड लाखाचे कर्ज काढले.

त्या दिवशी फळ्यावर जो हिशेब मांडला तो असा होता. व्यापारी दारात ज्वारीला किलोला ४० रुपये देत होता. त्या साली मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,२२५ होता, म्हणजे भाव बरा होता. हजार किलो पीठ करायला निवडण्यात आणि दळण्यात जाणारे धरून १,०८० किलो ज्वारी, तिचे ४३,२०० रुपये. निवडणे-दळणे ५,०००. पिशवी, लेबल, खोके ९,०००. एकूण ५७,२००, म्हणजे किलोला ५७ रुपये. विकायचे १२० ला. किलोमागे साठ-बासष्ट रुपये सुटतात! कुणीतरी टाळी वाजवली. आम्हीही वाजवली.

आता दिवाळी उलटून महिना झाल्यावरचा हिशेब ऐका. आकडे बेरजेला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

ऑर्डरी ५०० आल्या, प्रत्येकी दोन किलोच्या. हजार किलो पीठ गेले. १ लाख २० हजारांची विक्री झाली म्हणून गावात पेढे वाटले. पण त्या ५०० मधल्या ८० परत आल्या. माल दारात आल्यावर पैसे द्यायचे अशी सोय आपण ठेवली होती. शहरात रात्री गादीवर पडल्या पडल्या माणूस बोट दाबतो आणि आठ दिवसांनी पार्सल आले की घरात कुणी नसते, किंवा असून नको म्हणते. परत आलेले पीठ पंधरा-वीस दिवस गोदामात आणि गाडीत फिरलेले. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना तुटते, हे इथल्या बायकांना आम्ही काय सांगावे. त्यात तेलाचा अंश असतो, उन्हात ते कडवट होते. १६० किलो पीठ म्हशींच्या आंबोणात गेले.

राहिल्या ४२० ऑर्डरी. त्यांचे १,००,८०० रुपये आले. पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे आणि तो आपल्या १२० रुपयांच्या आतच होता. त्याचे ४,८०० गेले. हातात ९६,००० आले.

आता खर्च. ५७,२०० आधीचे. कुरिअरचे पार्सलमागे सरासरी ९० प्रमाणे ४५,०००. हा आकडा फुगण्यात आमचा अडाणीपणा होता. कुरिअरवाला नुसते वजन बघत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतो आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतो. आपण मिठाईवाल्याकडून आणली तशी ३० बाय २५ बाय २० ची खोकी आणली होती. गुणून भागून बघा, तीन किलो येतात. पीठ दोन किलोचे, वर किलोभर हवेचे भाडे आपण भरत होतो. अर्ध्या ऑर्डरी गेल्यावर एका पोराच्या ध्यानात आले. परत आलेल्या ८० पार्सलांचे परतभाडे ७,२००. दारात रोख गोळा करण्याचे आणि मोबाइलवर पैसे घेण्याचे कमिशन ८,८००.

जाहिरात ३०,००० ची. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणून ३५,४००. बेळगाव-हैदराबादकडच्या मराठी घरांनाही माल जावा म्हणून आपण जीएसटी नोंदणी केली होती. जाहिरातीच्या बिलावर तो नंबर टाकला असता तर हे ५,४०० वजावटीत मिळाले असते. जाहिरात एका पोराच्या वैयक्तिक खात्यातून दिली, त्यामुळे तेही गेले.

फोटो, व्हिडिओ आणि मोबाइलवरचे दुकान उभारणे मिळून २०,०००. अन्नपरवाना, प्रयोगशाळेची तपासणी, नावाची नोंदणी, लेबलचे चित्र मिळून १५,०००. ओळखीच्या आणि बिनओळखीच्या लोकांना 'वापरून बघा आणि चार शब्द बोला' म्हणून पाठवलेले नमुने ३,०००. कर्जाचे चार महिन्यांचे व्याज ६,०००.

पहिल्या बैठकीत खजिनदाराने तोटा सांगितला तो ५८,४०० रुपयांचा. पैसे गेले किती, आले किती, एवढेच त्याने धरले होते. सगळे हळहळले. पहिल्या वर्षी धंद्यात असे होणारच, असेही कुणी म्हणाले आणि बैठक उठायच्या बेतात होती. तेवढ्यात मागे बसलेल्या एका बाईने विचारले, "आमच्या ज्वारीचे पैसे कधी द्यायचे?"

ज्वारी अकरा घरांनी कणगीतून आणून दिली होती. तिचे ४३,२०० खजिनदाराने धरलेच नव्हते. त्याच बाईची सून आणि शेजारची एक मुलगी ४५ दिवस रात्री अकरा-अकरापर्यंत पिशव्या भरून, तोंडे बंद करून, पत्ते चिकटवत बसल्या होत्या. ३०० रुपये रोजाने त्यांचे २७,००० होतात. एक पोरगा ४५ दिवस फोनवर होता. 'पार्सल कुठवर आले', 'पिशवी फाटली', 'या वेळची भाकरी चिकट होत नाही', अशी उत्तरे देत. (त्या तक्रारीत तथ्य होते. अकरा घरांची ज्वारी एका वाणाची नव्हती. भारी रानातली मालदांडी आणि हलक्या रानातली फुले अनुराधा एकत्र दळली होती.) त्याचे ४०० प्रमाणे १८,०००. हे ४५,००० कुणी धरले नव्हते. आम्हीही नाही.

आम्ही इथे थोडे थांबणार आहोत, कारण आम्हाला खरी लाज वाटली ती याची. कृषिमूल्य आयोग, जो १९६५ साली सुरू झाला, त्याच्या नावाने आम्ही आयुष्यभर भाषणे केली. आयोगाच्या हिशेबाचे प्रकार तुम्हाला पाठ आहेत. ए-२ म्हणजे बी, खत, औषध, मजूर असा खिशातून गेलेला खर्च. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की दुसरा आकडा. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज मिळवले की सी-२. सरकारने २०१८ च्या अंदाजपत्रकात दीडपट भावाची घोषणा केली आणि आधार धरला तो दुसरा. सी-२ का धरला नाही म्हणून आम्ही गावोगाव ओरडलो. आणि आमच्या स्वतःच्या धंद्यात आम्ही मांडला तो नुसता ए-२! तोसुद्धा अर्धा, कारण ज्वारी सोडून. सरकार निदान घरच्यांची मजुरी धरते. आम्ही आमच्या लेकीसुनांची तीही धरली नाही.

सगळे धरून खर्च २,४२,६००. आले ९६,०००. तोटा १,४६,६००. गिऱ्हाइकाने १२० ला घेतलेले किलोभर पीठ आम्हाला २८९ ला पडले. दुकान आणि परवाने तीन वर्षे उपयोगी पडतील म्हणून त्यांचा तिसरा हिस्साच धरला, तरी २६० च्या खाली येत नाही. ज्वारी फुकट दिली असे समजले तरी वर १,०३,४०० भरावे लागले. १,०८० किलोंवर वाटा, किलोला ९६ रुपये. याला उलटी पट्टी नाही तर काय म्हणायचे?

आता कुणी म्हणेल, जाहिरात एकदाच करायची असते, गिऱ्हाईक पुन्हा मागवते तेव्हा फायदा. आम्हीही तसेच धरून बसलो होतो. म्हणून एका ऑर्डरीचा हिशेब वेगळा काढला. दोन किलोचे २४० मिळतात, जीएसटी वजा जाता २२८ रुपये ५७ पैसे. माल ११४.४०, कुरिअर ९०, वसुलीचे कमिशन २१. उरले तीन रुपये. यात जाहिरात नाही, परत आलेला माल नाही, पिशवी भरणाऱ्या पोरीची मजुरी नाही. म्हणजे पुढची दहा वर्षे जाहिरातीवर एक पैसा न घालवता हेच पीठ विकले असते तरी ज्वारीचा बाजारभाव आणि वर तीन रुपये, आणि मजुरी बुडीत. पायाच वाकडा होता. जाहिरातीने घर आणखी लवकर पडले इतकेच.

आणि पुन्हा मागवणारे किती? ४२० पैकी ३७ घरे. जाहिरात आणि नमुने मिळून ३८,४०० खर्च. टिकणारे एक गिऱ्हाईक १,०३८ रुपयांना पडले. व्हिडिओ किती हजारांनी पाहिला तो आकडा आमच्याकडे आहे, पण त्याला बाजारात काही भाव नाही म्हणून सांगत नाही.

किंमत २०० ठेवायची, असे परवा आटपाडीत एकजण म्हणाला. ठेवा. पण आपला स्पर्धक दुसरी कंपनी नाही, गिऱ्हाइकाच्या गल्लीतली गिरणी आहे. तो मोंढ्यातून ज्वारी आणतो, खाली दळून घेतो आणि ताज्या पिठाची भाकरी करतो. त्याच्याकडे विरी गेलेले पीठ दुप्पट किमतीला पाठवून किती दिवस चालेल?

माल तयार करायच्या आधी तो पोचवण्याचा हिशेब करावा लागतो, हे आपल्या दोन जिल्ह्यांत पूर्वीच कुणीतरी करून दाखवलेले आहे. भास्कर गणेश चितळे मूळचे साताऱ्याजवळच्या लिंब गावचे. दुधाचा धंदा करायला ते भिलवडीला आले, १९३९ मध्ये तिथे डेअरी सुरू झाली. भिलवडीला कृष्णेचे पाणी होते आणि रेल्वेचे स्टेशन होते. मुंबईचे गिऱ्हाईक दुधाला हवे तर दूध रुळाच्या जवळ पाहिजे. पुण्यातले दुकान १९५० चे, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी. आम्ही दुकान आधी काढले आणि वाट नंतर शोधली.

कापूसवाल्या भावांना वाटत असेल की हे ज्वारीवाल्यांचे दुखणे. अंक यवतमाळ-परभणीकडेही जातो म्हणून सांगतो. सेंद्रिय कापसाचे बनियन ऑनलाइन विकायचे, अशा सूचना तिकडून आल्या आहेत. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३-३४ किलो, बाकी सरकी. पुढे गाठ बांधणे, सूत, विणणे, रंग, शिलाई. एवढे काही आपल्या माजघरात मावत नाही, प्रत्येक पायरी दुसऱ्याच्या दारात आणि प्रत्येक दारात मजुरी रोख. एकाधिकार खरेदीच्या काळात चुकाऱ्यातून कशाकशाची कपात होते ते तुम्ही पोटतिडकीने मोजत होता. तीच सवय इथे लावा.

मग आमच्या गटाने काय केले? भांडण झाले, दोन घरे बाहेर पडली. ते लपवण्यात अर्थ नाही. उरलेल्या नऊ घरांनी मार्च २०२४ मध्ये नवी ज्वारी आल्यावर वेगळे करून बघितले. पीठ बंद. निवडलेली, उन्हात दिलेली ज्वारी, ३० किलोचे पोते. २५ किलोच्या वरच्या पोत्याला तो पाकीटबंदचा जीएसटी लागत नाही, असा सरकारचाच २०२२ चा खुलासा आहे. ज्याच्या घरी रोज भाकरी होते तो वर्षाची ज्वारी एकदम भरतो, त्याला दोन किलोची पिशवी नकोच असते.

गिऱ्हाईक जाहिरातीने शोधले नाही. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव इथली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर गेलेली आहेत. साताऱ्याची बरीच माथाडी मंडळी नवी मुंबईत आहेत. त्यांच्या बायकांना मालदांडी काय हे व्हिडिओ काढून सांगावे लागत नाही. गावच्या जत्रेला आले तेव्हा वहीत नावे घेतली, अर्धे पैसे आधी घेतले. १०० पोती भरली आणि एका टेंपोने पुणे-नवी मुंबईला गेली.

पोत्याचा हिशेब असा. ज्वारी ३० किलोची १,२००, निवडण्यातली घट ८०, निवडणे-वाळवणे ६०, बारदान-शिलाई ३०, टेंपो १६०, घरच्यांची मजुरी ६० (या वेळी पहिल्या दिवशीच लिहिली), फोन वगैरे २०. एकूण १,६१०. विक्री किलोला ५८ ने १,७४०. पोत्याला १३० रुपये सुटले, १०० पोत्यांचे १३,०००.

त्यातही चार पोत्यांना सोंडे लागले. दोन घरांनी ज्वारी पुरती वाळू दिली नव्हती, दाताखाली कट्‌कन फुटत नसताना पोते शिवले. पैसे परत केले, ६,९६० गेले. राहिले ६,०४०. व्यापाऱ्यापेक्षा किलोला दोन रुपये जास्त. कडब्याचे वेगळे, तो गावातच गेला.

दोन रुपये म्हणजे काही क्रांती नाही. या चालीने आधीचा १,४६,६०० चा खड्डा भरायला ७३ टन ज्वारी विकावी लागेल, नऊ घरांची दहा वर्षांची. बचत गटाचा हप्ता अजून चालू आहे आणि तो आम्ही मिळून भरतो आहोत.

तेव्हा ज्यांना मोबाइलवर दुकान काढायचे आहे त्यांना आम्ही अडवणार नाही. फक्त आधी एका ऑर्डरीचा हिशेब मांडा, पाच घरांसमोर. माल बाजारभावाने धरा, मजुरी गावच्या रोजाने धरा, भाडे खोक्याच्या मापाने काढा, पाचातली एक ऑर्डर परत येईल असे समजा. एवढे वजा जाऊन जे उरेल त्यातूनच जाहिरातीचा खर्च निघायचा आहे. काही उरतच नसेल तर जाहिरातीचा विचार पुढच्या वर्षावर टाका. पीएमएफएमईसारख्या योजनेत ब्रँडिंगला अनुदान मिळत असेल तर ते जरूर घ्या, पण खर्चाच्या खान्यात पूर्ण आकडा लिहा आणि अनुदान खाली वेगळे दाखवा. अनुदान एकदा येते, कुरिअरवाला दर पार्सलला येतो.

कर्जाचे अर्ज ज्यांनी भरले आहेत त्या चार गटांच्या अध्यक्ष बाई इथे आहेत. जेवणानंतर त्यांनी वडाखाली थांबावे, वही घेऊन आम्ही तिथे बसतो. आणि ज्यांच्या गावची माणसे गलाईला किंवा माथाडीत बाहेर आहेत त्यांनी शहर आणि घरांची अंदाजे संख्या आजच लिहून द्यावी. पोती फेब्रुवारीअखेर शिवायला घ्यायची आहेत आणि कोईमतूर, कोची बाजूचा टेंपो परवडतो की नाही हे अजून कुणी मोजलेले नाही.